गारठ्याची पडवी

ऑक्टोबर लागला की आमच्या घरात माकडटोपीची शोधाशोध सुरू होते. रत्नागिरीत, ऑक्टोबरात, माकडटोपी! बाहेर ऊन असं की कातळावर पाय ठेवला तर तळवा तिथंच चिकटून राहावा. हवेत पाणी इतकं की सकाळी दोरीवर टाकलेला टॉवेल संध्याकाळीही ओलाच. आणि घरात एक अडुसष्ट वर्षांची बाई ट्रंकेत डोकं खुपसून ओरडतेय, "माझी टोपी कुणी नेली?"

टोपी नेलेली असते माझ्या नातीनं. तन्वी इंजिनिअर आहे आणि बंदरावरून वर येणाऱ्या रस्त्याला माशांसाठी जे मोठं थोरलं कोल्ड स्टोरेज उभं राहिलंय ते "मी बांधलं" असं सांगते. बांधलं पन्नास माणसांनी; ही पिवळं हेल्मेट घालून हातात नकाशा धरून उभी असायची. तिच्या आजीनंही एके काळी तेच केलं होतं, आणि आजीच्या हातातला नकाशा उलटा होता.

हा महिना कुणाला आवडत नाही, म्हणून मला आवडतो. पाऊस जाताना काही आवरून जात नाही. थोडा विहिरीत, थोडा भिंतीत आणि उरलेला सगळा हवेत ठेवून जातो. मग त्यावर ऊन पडतं आणि आख्खी रत्नागिरी मोदकपात्रात बसते. कातळसड्यावरच्या फुलांचा चुरा होतो, त्यावर चतुर घिरट्या घालतात. आतल्या गावांकडून कापलेल्या भाताचा वास येतो, बंदराकडून बांगड्याचा. दोन्ही वास रस्त्यात कुठंतरी भेटतात. तिथं मी दोन मिनिटं उभी राहते. लोकांना वाटतं म्हातारी दमली.

म्हातारी दमत नाही. म्हातारी तीस वर्षं मागं गेलेली असते.

तेव्हा मी अडतीस वर्षांची होते, दहावी पास होते, मासे विकणाऱ्या बायकांच्या संस्थेची प्रमुख होते, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं याबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नव्हती. ती बाई आज भेटली तर मी तिला दोन गोष्टी सांगेन. ती एकही ऐकणार नाही. केसांत अबोलीचा गजरा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडात "मला माहितेय" हे दोन शब्द. लांबून बघितलं तरी हसू येतं.

त्या काळी बंदरावर भाव ऊन ठरवायचं. सकाळी सातला होडीतून बांगडा उतरला की आरशासारखा चकचकीत. नऊला डोळे मंद. अकराला पोट मऊ. आणि बाराला शेठ उठायचा. शेठ म्हणजे टेंपो घेऊन येणारा व्यापारी. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला घाई नव्हती. टपरीच्या सावलीत तो सकाळपासून चहा पीत बसायचा आणि त्याचं काम ऊन करायचं. आम्ही पाट्यांवर ओली गोणपाटं टाकून, बर्फाचे खडे सरकवून, माश्या हाकलून अर्ध्या झालो की तो यायचा आणि एका माशाच्या पोटावर बोट दाबायचा. बोटाचा खड्डा तसाच राहायचा.

"काय सुलभाताई, मऊ पडला की!"

एवढंच. पुढचं सगळं तो खड्डा बोलायचा.

त्यालाही नको असलेला माल आमच्या खळ्यात जायचा. जेटीच्या मागं, समुद्राकडे तोंड करून, मासे सुकवायचं खळं होतं. मीठ लावायचं, पसरायचं, कावळे राखायचे. खळं माझ्या सासूचं, गोदाआयेचं, पण संस्थेतल्या साठही जणी त्यातच सुकवायच्या. तिला ते तिच्या सासूकडून आलेलं. संस्थेला छोटं कोल्ड स्टोरेज मंजूर झालं, यंत्रं मिळणार हे ठरलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की जेटीजवळ बांधायला जागा एकच आहे.

"आये, खळं दे," मी म्हटलं.

"आणि मासं काय तुझ्या डोक्यावर सुकवू?"

"सुकवायचेच नाहीत. ताजे ठेवायचे. महिना-महिना."

"मेल्या माशाला महिनाभर ताजा ठेवणार?" गोदाआयेनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "तुला ऊन लागलंय गो. पन्हं घे थोडं."

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी खळ्यातलं शेवटचं वाळवण गोळा करून तिनं चटई गुंडाळली, बगलेत धरली आणि म्हणाली, "ने. पण एक ऐक. हितं मी दिवेलागणीला समुद्राच्या तोंडाला दिवा ठेवते. माझ्या सासूनंपण ठेवला. खळ्याला कधी दार नव्हतं. तू खोली बांध, यंत्र बसव, काय वाट्टेल ते कर. पण तिन्हीसांजेला हितलं दार मला बंद दिसता नये. लक्ष्मी दारातनं परत फिरली तर पुन्हा यायची न्हाय."

"दिलं वचन," मी म्हटलं. वचन द्यायला मला कधीच वेळ लागत नसे.

खळं गेलं म्हणजे काय गेलं, हे तेव्हा मला पुरतं कळलंच नव्हतं. कोल्ड स्टोरेज चाललं नाही तर साठ घरांकडे ताजा मासा नाही आणि सुकाही नाही. बायकांनी माझ्या भरवशावर पायाखालची जागा सोडली होती. मी गजरा माळून नकाशा बघत होते.

भिंती जांभ्या चिऱ्याच्या. आतून डांबर आणि त्यावर थर्माकोलच्या जाड लाद्या. गणपती झाल्यावर काम काढलं. त्या लाद्या कापताना जे पांढरे मणी उडायचे त्यांनी बंदर भरून गेलं. केसांत मणी, चहात मणी, पाटीतल्या कोळंबीला मणी. रत्नागिरीत बर्फ पडला तर तो असाच दिसेल, असं मी सगळ्यांना सांगत होते. मी बर्फ पडताना कुठं बघितला होता? पण सांगत होते. गवंड्याला दार डोंगराच्या अंगाला काढायला सांगितलं तेही मीच. यंत्र बसवायला दत्ता फिटर आला, त्यानं माझ्या हातातला कागद काढून घेतला, फिरवला आणि सुलटा करून परत दिला. मग दार समुद्राच्या अंगाला निघालं.

"मी तुमची परीक्षा बघत होते," मी म्हटलं.

"पास झालो न्हवं, काकू?" तो म्हणाला.

दत्ताभाऊ कोल्हापूरकडचा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, तरी पहिल्या दिवसापासून काकू म्हणायचा. आमच्याकडे होता तेवढ्या दिवसांत त्याचा शर्ट वाळलेला मी पाहिला नाही. कपाळावरचा घाम पुसत एकदा त्यानं मला विचारलं, "काकू, तुमच्यातली ही हवा घ्यायची का प्यायची वो?" मी हसले. त्या प्रश्नात पुढच्या सगळ्या संकटाचं उत्तर होतं, पण मला सगळं माहीत असल्यामुळं ते कळलं नाही.

आणि मग यंत्र सुरू झालं. दाराशेजारी घड्याळासारखी तबकडी होती, तिच्यावर काटा. शून्याच्या खाली अठरा, तिथं तो यायला हवा होता. आम्ही बायका तबकडीसमोर कबड्डीचा सामना बघायला बसावं तशा बसलो. काटा शून्यावर आला तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. कुणी मारली ते मी सांगणार नाही. मी संस्थेची प्रमुख होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो अठरावर टेकला आणि दत्ताभाऊ म्हणाला, "चला, कोण येतंय आत?"

आत जायला घालायचं काय? आमच्याकडे कुणाकडे स्वेटर असणार! कुणी नवऱ्याचा रेनकोट आणला, कुणी बाळंतिणीची दुलई. माझ्या नवऱ्यानं मुंबईहून माकडटोपी पाठवली होती, तपकिरी, वर गोंडा असलेली. नोकरीमुळं त्यांना येता आलं नाही, टोपी आली. बाहेर छत्तीस डिग्रीत मी ती घालून, घामानं न्हाऊन रांगेत पहिली उभी. आत पाऊल टाकलं आणि घाम जागच्या जागी थांबला. नाकातला श्वास टोचला. आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना थंडी म्हणजे पहाटे जरा अंगावर ओढून घ्यायची गोष्ट. ही थंडी वेगळी होती. तिला दात होते. आम्ही एकमेकींना धरून उभ्या राहिलो, तोंडातून निघणारी वाफ बघितली आणि लहान मुलींसारख्या फू-फू करत सुटलो.

बाहेरच्या बोर्डावर 'शीतगृह' लिहिलं होतं, कागदपत्रांत कोल्ड स्टोरेज होतं. त्या दिवसापासून आमच्या तोंडी ते 'गारठा' झालं. आज गारठ्यात कोण जातंय? गारठ्याची किल्ली कुणाकडे?

किल्ली अर्थातच माझ्याकडे.

पहिल्याच संध्याकाळी मी निरांजन घेऊन गेले, कुलूप काढलं, ते जाडजूड दार सताड उघडलं आणि लागून जाऊ नये म्हणून खाली चिऱ्याचा तुकडा लावला. दिवा उंबऱ्यावर, समुद्राच्या तोंडाला. हात जोडले आणि डोळे उघडून बघते तर काय! खोलीतून पांढरं शुभ्र धुकं बाहेर येत होतं. जमिनीलगत, हळूहळू, पायांवरून. मी मागं वळून ओरडले, "आये, ये गो! लक्ष्मीचा पदर बघ!"

दुसऱ्या दिवसापासून बायका दर्शनाला यायला लागल्या. धुक्यात हात बुडवून डोळ्यांना लावायच्या. एकीनं लेकराला त्यात बसवलं, ते शिंकलं, तर मी म्हटलं शुभशकुन आहे. अर्धा तास दार उघडं असायचं, गर्दी असली तर जरा जास्त. गोदाआये लांब खांबाला टेकून उभी राहायची. तिच्या तोंडावर समाधान दिसायचं आणि मला वाटायचं, सुलभा, तुझ्यासारखी सून होणार नाही.

आठवडा गेला आणि यंत्र धापा टाकायला लागलं. संध्याकाळी काटा वर चढायचा, अठरावरून दहावर, दहावरून सहावर. पहाटेपर्यंत यंत्र धडधडून त्याला खाली ओढायचं, संध्याकाळी पुन्हा चढ. आतल्या थंड नळ्यांवर बर्फ साचून त्या पोत्यासारख्या जाड झाल्या. दाराशी जमीन इतकी निसरडी की एक बाई हातातल्या ट्रेसकट थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचली. दत्ताभाऊनं दाराचं रबर बदललं, गॅस तपासला, संध्याकाळी वीज कमी दाबानं येते म्हणून वायरमनला बोलावून आणलं. मी गवंड्याला झापलं. मग शेठच्या नजरेला दोष दिला आणि आत लिंबू-मिरची टांगली. लिंबू गोठून दगड झालं आणि दत्ताभाऊच्या टाळक्यात पडलं.

"नजर उतरली वो काकू," तो टाळकं चोळत म्हणाला. "माझीच उतरली."

हसणं तेवढंच. बाहेर होड्यांतून खबर येत होती की बांगड्याचे थवे किनाऱ्याकडे सरकताहेत, आठवडाभरात मोठा लोट येईल. त्या दिवशी गारठा चालायला हवा होता. शेठला कुणीतरी सगळं सांगितलं असणार. टपरीवरून त्यानं हाक मारली, "सुलभाताई, तुमच्या खोलीला ताप आलाय म्हणे! आमचं ऊन आहे, काळजी करू नका." टपरीवरची माणसं हसली. खळं सोडलेल्या बायका हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याला मी आयुष्यात जेवढी घाबरले तेवढी समुद्राला घाबरले नाही.

त्याच संध्याकाळी दत्ताभाऊ वही घेऊन तबकडीसमोर बसला. काटा नेमका कधी चढतो, ते डोळ्यांनी बघायचं म्हणाला. इतके दिवस तो पाच वाजता खोलीवर जायचा, आंघोळीला. आमच्याकडच्या घामावर त्याला दिवसातून तीन आंघोळी लागत. मी नेहमीप्रमाणे निरांजन घेऊन आले, कुलूप काढलं, दार उघडलं, चिरा लावला, हात जोडले. डोळे उघडले तर दत्ताभाऊ तोंड उघडं टाकून उभा.

"काकू, हे... रोज करता?"

"रोज!" मी ताठ होऊन म्हटलं. "एक दिवस चुकवला नाही."

तो डोक्याला हात लावून खाली बसला. मला वाटलं, भक्तिभावानं बसलाय.

"काकू," तो म्हणाला, "लक्ष्मी आत येत न्हाई वो. घाम येतोय आत. सगळ्या रत्नागिरीचा घाम. तुमची ही ओली हवा दारातनं आत शिरती आणि गोठून नळ्यांवर बसती. तुम्ही ज्याच्या पाया पडताय न्हवं, ती आमची थंडी हाय. रोज सांच्याला घर सोडून निघालीय बिचारी."

मी धुक्याकडे बघितलं. ते माझ्या पावलांवरून समुद्राकडे चाललं होतं. लक्ष्मीचा पदर! आठवडाभर मी आमची लक्ष्मी रोज अर्धा तास दारातून बाहेर घालवत होते, वर बायकांना बोलावून दर्शन देत होते.

दार लावलं. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ते उघडलं नाही. काटा अठराकडे निघाला, दत्ताभाऊनं टाळी दिली. गोदाआये निरांजन घेऊन आली. तिनं बंद दार बघितलं. मी गॅस, नळ्या, हवा, घाम सगळं सांगितलं. दहावी पास बाईला जेवढं सांगता येतं तेवढं. तिनं ऐकून घेतलं आणि दिवा जमिनीवर ठेवला. वारा आला, दिवा विझला.

"खळं बंद केलंस गो माझं," ती म्हणाली आणि वळली.

ओरडली असती तर मी उलट बोलले असते. ती ओरडली नाही.

एका बाजूला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला साठ घरं. मी तिच्या मागोमाग घरी गेले. ती पडवीत बसली होती. घराचं पुढचं दार सताड उघडं, उंबऱ्यावर दिवा. मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर बांगडे कापून ठेवलेले. इतक्यात पडवीतून आवाज आला, रोज यायचा तसाच, रुसव्यातसुद्धा न चुकता.

"मधलं दार लाव गो, मांजर शिरेल!"

मी मधलं दार लावायला हात पुढं केला आणि तो हात तिथंच राहिला. पुढचं दार उघडं होतं. मधलं लावायचं होतं. लक्ष्मी पडवीपर्यंत येत होती, मांजर स्वयंपाकघरापर्यंत जात नव्हतं. सगळ्या कोकणात सगळ्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय आणि मी शीतगृहाची प्रमुख!

मी अनवाणी पळत सुटले. दत्ताभाऊ आंघोळ करून शर्ट घालत होता, तो लगेच ओला झाला. "गारठ्याला पडवी बांधायची!" मी दारातूनच ओरडले. "बाहेर एक दार, आत एक दार. आतलं उघडायचं तेव्हा बाहेरचं बंद. बाहेरचं उघडायचं तेव्हा आतलं बंद!"

त्यानं कपाळावर हात मारला. "अवो काकू, मोठ्या गोदामाला करतात की असं! आपली खोली लहान म्हणून सोडलेलं नकाशावाल्यांनी." मग हळूच म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

आता कबुली देते. मी म्हटलं, "मला सुचलं."

मांजराचा आणि सासूचा उल्लेख मी केला नाही. तीस वर्षं केला नाही. ह्या जिल्ह्यात अजून सांगतात की थंड खोलीला पडवी ही सुलभाकाकींची अक्कल. अक्कल गोदाआयेची, तीही मांजरावर खर्च केलेली. माझी होती ती फक्त चूक. पण चूक इतक्या मन लावून केली नसती तर पडवी कुठून आली असती, असंही मी मनातल्या मनात म्हणते. म्हाताऱ्या बाईला एवढी सूट पाहिजे.

चार दिवसांत पडवी उभी केली. गवंडी एक, मजूर नाही, आम्हीच मजूर. मासळीची पाटी ज्या डोक्यांवर वर्षानुवर्षं बसली होती त्या डोक्यांवर चिरे बसले. चिऱ्याची लाल माती घामात कालवून आम्ही सगळ्या एकाच रंगाच्या झालो. "सुलभे, लक्ष्मीला बसायला पाट पण ठेव हां," कुणी म्हणायची. "चहा विचारा तिला, लांबून आलीय." टोमणे मला, चिरे डोक्यावर, आणि पायांत अशी चाल की बघत राहावं. गोदाआये पहिल्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशी खांबाला टेकून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला आणि दोन चिरे उचलले. सत्तरीची बाई.

चौथ्या संध्याकाळी बाहेरचं दार उघडलं, आतलं बंद. दिवा पडवीच्या उंबऱ्यावर, समुद्राच्या तोंडाला. धुकं नव्हतं. बायका जरा हिरमुसल्या, त्यांना सवय झाली होती. गोदाआये पडवीत गेली, आतल्या दारावर टक्‌टक् केलं, कान लावला. मग तबकडीकडे हात करून मला म्हणाली, "काय म्हणतोय गो तो काटा?"

"अठरा, आये. हललेला नाही."

"मग माझापण दिवा हलत न्हाय," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली.

दोन दिवसांनी बांगडा आला. कसा आला म्हणून सांगू! होड्या काठापर्यंत भरून खाली बसलेल्या, पाट्या कमी पडल्या, बादल्या आणल्या, घागरी आणल्या. शेठनं एकाऐवजी तीन टेंपो आणले होते. तो टपरीच्या सावलीत बसला, चहा मागवला आणि उन्हाकडे बघून पाय लांब केले. आम्ही रेनकोट, दुलया, टोप्या चढवल्या. ऑक्टोबरच्या त्या भट्टीत साठ बायका हिमालयाला निघाल्यासारख्या. पडवीत एक टोळी, आत एक टोळी, बाहेर एक टोळी. "बाहेरचं बंद?" "बंद!" "मग आतलं उघड!" "आतलं बंद?" "बंद!" "मग बाहेरचं उघड!" त्या आरोळ्यांनी बंदर दुमदुमत होतं. एकदाही दोन्ही दारं एका वेळी उघडली नाहीत. ट्रेमध्ये एकेरी पसरलेला बांगडा, ताज्या डोळ्यांचा, आत जात राहिला.

बारा वाजले. शेठ उठला, धोतर झटकलं आणि जेटीवर आला. जेटी रिकामी. धुतलेली. एक मांजर तेवढं बसलेलं.

"माल कुठाय?" त्यानं विचारलं.

मी टोपी घालूनच बसले होते. गोंड्यावर घाम. "थंड हवा खायला गेलाय," मी म्हटलं.

त्यानं बोट उगीचच पुढं केलं होतं, दाबायला. ते हवेत राहिलं. साठ बायका त्या बोटाकडे बघत होत्या. मग गोदाआये पडवीच्या उंबऱ्यावरून म्हणाली, "बस की रे शेठ. चहा घे. घाई काय? ऊन उतरू दे."

तो हशा! मी देवळातल्या घंटा ऐकल्यात, लग्नातले ताशे ऐकलेत, पण तसा आवाज पुन्हा ऐकला नाही. शेठही हसला, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं. तो तीन दिवसांनी पुन्हा आला. बोट न दाबता आला, आणि भाव बोलायला बसला. आम्हीही बसलो. बंदरावर त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही बाजू सावलीत बसल्या होत्या. तेव्हा मला कळलं की आम्ही चिऱ्याची खोली बांधली असं आम्हाला वाटत होतं, खरी बांधली होती ती दुपार. जी आजवर दुसऱ्याची होती ती.

गोदाआये पुढं बरीच वर्षं तो दिवा ठेवत राहिली. आता ती नाही. गारठा आहे, म्हातारा झालाय, कुरकुरतो, माझ्यासारखाच. आणि वरच्या रस्त्याला तन्वीचा नवा गारठा उभा राहिलाय, आमच्या खोलीसारख्या पन्नास खोल्या पोटात घालेल एवढा. परवा तो सुरू झाला. मला खुर्ची, शाल, नारळ. एका वक्त्यानं माइकवरून सांगितलं की थंड खोलीला पडवी लावणाऱ्या दूरदृष्टीच्या सुलभाआजी आज आपल्यात आहेत. मी मान लववली. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. बघते तर दत्ताभाऊ! एसटीनं कोल्हापूरहून आला होता, केस पांढरे, शर्ट ओला.

तन्वीनं नकाशा भिंतीवर लावला होता. त्यावर बाकी सगळं इंग्रजी, पण दोन मोठ्या दारांच्या मधल्या जागेवर तिनं मराठीत लिहिलं होतं, 'पडवी'. आता ह्या पडवीत ट्रक मागं येऊन टेकतो. दोन्ही दारं चुकून एकदम उघडली तर घंटा वाजते. साठ बायकांचं काम एक घंटा करते. बरं आहे. फक्त ती टोमणे मारत नाही.

शेठचा मुलगा आला होता, थंड पेटीची नवी गाडी घेऊन. दुपारपासून चहाचे तीन कप झाले होते त्याचे. "आजी, तुमच्या नातीला सांगा ना जरा. माल कधी मिळणार?"

मी गोदाआयेसारखा आवाज काढला. "बस की रे. घाई काय? ऊन उतरू दे."

त्याला काही कळलं नाही. दत्ताभाऊ मात्र खुर्चीवरून पडायचा राहिला.

मग खरंच ऊन उतरलं. समुद्र पितळेच्या परातीसारखा झाला. दिवेलागणीला तन्वीनं पडवीचं बाहेरचं शटर पूर्ण वर केलं आणि गोदाआयेचं निरांजन माझ्या हातात दिलं. मी ते उंबऱ्यावर ठेवलं, समुद्राच्या तोंडाला. ओली, जड, आमची हवा सरळ आत येऊन पडवीत बसली, पाहुणीसारखी. तन्वी मोबाइलमध्ये बघत होती. "अठरा," ती म्हणाली. "हललेला नाही."

दत्ताभाऊ माझ्या कानाशी वाकला. "काकू, मधलं दार बंद हाय न्हवं?"

"मला काय विचारता? मला सगळं माहितेय," मी म्हटलं.

"म्हणून तर इचारतोय."

तन्वी आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. "काय गं आजी? कसलं दार?" मी तिच्या खांद्यावरच्या पिशवीतून माझी टोपी काढून घेतली, गोंडा सरळ केला, कानांवर ओढली, चार पावलं चालत गेले आणि मधल्या दाराला तळहात लावून बघितला.

बंद होतं. बाहेरचं सताड उघडं होतं.